मंगळवारची चांगुणाआत्या

आमच्या घरी येणारं प्रत्येक माणूस उंबऱ्यातूनच विचारायचं, "पोर कशी हाय?" चांगुणाआत्याने तसं कधी विचारलं नाही. ती तडक चुलीपर्यंत यायची, आईच्या तोंडाकडे बघायची आणि म्हणायची, "वयनी, रातची झोपलीस का?" आईने झोपले म्हटलं तरी तिला पटायचं नाही. मग ती आईची खालची पापणी बोटाने ओढून बघायची, गुरांच्या बाजारात जनावर तपासतात तशी. आईला त्याचा राग यायचा आणि बरंही वाटायचं.

'पोर' म्हणजे माझी धाकटी बहीण मंजी. सहा वर्षांची झाली तरी तिची मान धरत नव्हती. पाय लाकडासारखे ताठ, आणि आठवड्यातून दोन-तीनदा आकडी यायची. आमच्या शिरवणे गावात तेव्हा डॉक्टर नव्हता. भगत होता, आणि त्याने सगळा दोष आईच्या पायगुणावर ढकलून कोंबडं नेलं होतं. आई शेतावर गेली की मंजीला मी सांभाळायची, म्हणजे माझी शाळा बुडायची. मीही नसले तर ती लोळत चुलीकडे जाऊ नये म्हणून तिच्या कमरेला लुगड्याचं धडपं बांधून ते खांबाला अडकवायचे. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा त्यात कुणालाच वावगं वाटत नसे. पलीकडच्या आळीतल्या बारकीमावशीचा गणा दहा वर्षांचा होता, अंगाने धडधाकट पण समज नसलेला. सुटला की खाडीकडे पळायचा. त्याच्या पायाला काथ्याची दोरी होती.

चांगुणाआत्या आमच्या नात्यातली नव्हती. विधवा बाई, मिठागरावर कामाला. दर मंगळवारी उन्हं वर आली की ती यायची, मंजीला झोळीत घालून पाठीशी बांधायची, वाटेत गणाची दोरी सोडून त्याचा हात धरायची आणि दोघांना मिठागरावर घेऊन जायची. मंगळवारच का, तर त्या दिवशी मिठागराचा मालक ठाण्याला जायचा. मुकादम कुरकुर करायचा. आत्या त्याला म्हणायची, "तुजी बायको आजारी पडल तवा मला बोलवशील ना? मंग आता गप बस."

मी दोन-तीनदा सोबत गेले होते. मीठ धरायच्या आधीचं वाफ्यातलं पाणी इतकं खारं असतं की ते अंगाला बुडूच देत नाही. आत्या त्यात मंजीला उताणी सोडायची, मानेखाली फक्त स्वतःचा तळवा. उन्हाने कोमट झालेल्या त्या पाण्यात मंजीचे पाय हळूहळू सैल पडायचे आणि ती हसायची. घरात ती हसलेली मला आठवत नाही. नंतर आत्या सोबत आणलेल्या गोड्या पाण्याने तिला धुऊन काढायची, नाहीतर अंगाची आग झाली असती. गणाच्या हातात लाकडी फावडं दिलं की तो तासन्‌तास मीठ ओढत बसायचा. मिठाच्या ढिगाला हात लावून तो आमच्याकडे असा बघायचा, जणू आम्हीच त्याचे मजूर.

"पोरांना सांभालतंस, पुन्य लागल तुला," असं कोणी म्हटलं की आत्या उखडायची. "मी पोरांना सांभालत नाय, आयांना सोडतंय. बाईला आठ दिसांतून एकदा तरी एकटीला न्हाता आलं पायजे." तिने हे भर विहिरीवर म्हटलं तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. बारकीमावशी मात्र हसली नव्हती, रडली होती.

आत्याचाही एक मुलगा होता, मंजीसारखाच. माझ्या जन्माआधी गेला. त्याच्याविषयी ती एकदाच बोलली, आईजवळ, मी तांदूळ निवडत बसले होते तेव्हा. "नऊ वर्सं वयनी. तो गेला त्या दिशी मी पयल्यांदा पाठ टेकून झोपले. लोकं रडत व्हती आन मी झोपले." आईने तिचा हात धरला.

आत्याचा एक नियम होता: "अमुशाला माजी वाट बगू नका." अमावास्येला खाडीला उधाण यायचं, बांधाच्या उघाड्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या झडपा, काढून मिठागरात पाणी घ्यायचं असायचं, आणि त्या कामातून तिला हलता येत नसे. त्याने कुणाचं अडतही नव्हतं. अमावास्येला गावात कोणी औत धरत नाही, आया घरीच असायच्या.

त्या वर्षी वडिलांनी आईला ठाणे-बेलापूर रस्त्यावर खडी फोडायला धाडलं. एका अटीवर. "पोरीला एकटी टाकलीस आन काय झाला, तर बापाच्या घरची वाट धरायची." त्यांनी दुसरी बायको हेरून ठेवली आहे, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. निमित्ताचाच काय तो उशीर होता. आणि सडकेला अमावास्या नसते. तिथे वाराने हजेरी लागायची, आणि महिन्याभरात आईसुद्धा वाराने जगायला लागली. सोमवार झाला की मंगळवार, मंगळवार म्हणजे आत्या.

त्या मंगळवारी आईने मंजीला ओट्यावर गोधडीत निजवलं आणि ती कामावर गेली. मी शेजारी बसले. आत्याला उशीर होत होता. शाळेची घंटा झाली, आणि आत्या काय, आत्ता येईल, असं म्हणून मी दप्तर उचललं. शाळेत गुरुजी रोज फळ्यावर वार आणि तिथी लिहायचे. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, वार मंगळवार, तिथी अमावास्या. मी ते वाचलं. त्याचा अर्थ मला कळला. खरंच कळला होता, नऊ वर्षांच्या पोरीला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण उठून गेले असते तर दिवस बुडला असता, आणि त्या दिवशी गुरुजी नकाशा शिकवणार होते. मी मधल्या सुट्टीपर्यंत बसून राहिले.

घरी आले तेव्हा मंजी ओट्यावरून खाली पडली होती. आकडी आली असावी. तोंड मातीत होतं.

वडील आले, सडकेवरून आई आली, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून मिठागरावरून चांगुणाआत्या धावत आली. वडिलांनी आईला एकच विचारलं, "कोनाच्या ताब्यात व्हती पोर?" आई जमिनीकडे बघत होती. मला वाटलं ती खरं सांगेल. ती म्हणाली, "चांगुनाच्या."

आत्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या अंगावर अजून ओला चिखल होता. "व्हय," ती म्हणाली, "माज्याकं व्हती. मीच ओट्यावर ठेवली आन पानी प्यायला गेले. माजी नजर चुकली." वडिलांनी तिला मारलं. आईला कोणी काही बोललं नाही, आणि दुसरी बायको आली नाही.

त्यानंतर आत्याकडे कोणी पोर दिलं नाही. एक-दोन मंगळवार ती बारकीमावशीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिसऱ्या मंगळवारी मावशीने दार लावून घेतलं. आमच्या घरी ती पुन्हा आली नाही, आणि आईनेही तिला बोलावलं नाही. मला आता रोज शाळेत जाता येऊ लागलं. मंजी गेली म्हणून मी सातवी पास झाले, हे मला ठाऊक आहे.

सात वर्षांनी चांगुणाआत्या तापाने गेली. मी नुकतीच लग्न होऊन कोपरखैरण्याला गेले होते, निरोप मिळाल्यावर आले. बाया तिला आंघोळ घालत होत्या, मीही तांब्या घेऊन त्यांच्यात बसले. आई कोपऱ्यात बसली होती. ती एकदम बोलली, कोणी विचारलं नसताना.

"मंजी तिच्या ताब्यात नव्हती. अमुशा मी इसरले. ओट्यावर मीच टाकून गेलेली."

हंड्यातलं पाणी घालणारीचा हात थांबला नाही. एक म्हातारी म्हणाली, "आमाला ठावं हाय गो. उधानाच्या दिशी ती उघाडीवर असायची, ह्ये कोनाला ठावं नव्हता? तुजा संसार मोडू नये म्हनून गप रायलो."

बारकीमावशी पायाशी बसून आत्याचे तळवे धूत होती. मंजी गेली त्या दिवसांत ती माहेरी होती, परत आल्यावर तिला आळीने सांगितलं तेवढंच तिला माहीत. तिने हातातला तांब्या खाली ठेवला आणि एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"मंग मी माज्या गनाला सात वर्सं बांधून कशाला ठेवला?" तिने विचारलं.

बाया पुन्हा हंड्याकडे वळल्या. मला उत्तर येत होतं, फळ्यावर अमावास्या वाचूनही मी वर्गातून उठले नव्हते तेव्हापासून येत होतं, पण मीही खाली मान घालून पाणी ओतत राहिले.