शेवग्याकडे तोंड करून

२ जुलै. पेरण्या उरकल्यामुळे आमच्या बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक तुरळक होतं. दुपारी शटर अर्धं ओढून घरात आले आणि सुजाताताईंची बॅग रिकामी करायला घेतली. ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. मेच्या अखेरीला गेल्या. बॅग त्यांनी मार्चमध्येच भरून पलंगाखाली सरकवली होती. आम्ही दोघी कॅनडाला फुटबॉलचा वर्ल्ड कप बघायला जाणार होतो. आता साड्या वाटून टाकायच्या, औषधं फेकायची आणि बॅग माळ्यावर चढवायची, एवढंच काम होतं. पण उघडल्याबरोबर वरच निघाली दोन आसनं... जुन्या लुगड्यांच्या गोधडीची, हाताने शिवलेली. स्टेडियममधल्या खुर्च्या कडक असतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. एक त्यांचं, एक माझं.

ताई सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, नोकरीत बदल्या होत राहिल्या. अमडापूरला असताना शेजारच्या क्वार्टरमध्ये केरळची एक सिस्टर राहायची. तिच्याकडे टीव्ही होता आणि तिला फुटबॉलचं वेड होतं. ती गावी परत गेली, वेड मात्र ताईंकडे ठेवून गेली. निवृत्तीनंतर ताई वडनेर भोलजीला आमच्याकडे राहायला आल्या त्या स्वतःचा टीव्ही घेऊनच. गावात जो तो क्रिकेटवाला. "बावीस जन एका चेंडूमांगं पयतात, त्यात काय पाह्यता बाई?" असं कुणी म्हटलं की त्या म्हणायच्या, "तुमच्या क्रिकेटात तं अर्धे जन सावलीत बसून राह्यतात. हे पयतात तरी." त्यांचा ठरलेला असा संघ नव्हता. जो हरत असेल तो आपला. मॅच बरोबरीत सुटून पेनल्टीवर गेली की मात्र त्यांच्याने बघवत नसे. त्या उठून मागच्या अंगणात जायच्या आणि शेवग्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. घरातला कचरा, दुकानाचा हिशेब, काहीही असो, ते सोडून मला टीव्हीपुढे बसावं लागे. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही, म्हणूनच मी त्यांना चालत असे. "तुले काही वाटत नाही, तू नीट पाह्यतं. झालं की सरळ सांगजो. गोडगोड करून नको सांगू."

आमचा मुलगा निखिल कॅनडात असतो. सोडतीत त्याला बाद फेरीच्या एका मॅचची दोन तिकिटं मिळाली आणि त्याने आत्याला फोन केला. कोण कोणाशी खेळणार ते तेव्हा ठरलेलंही नव्हतं. मी म्हटलं, "ताई, कोणाची मॅच ते माहीत नाही आणि एवढ्या लांब जायचं?" त्या म्हणाल्या, "हारनारं कोनी ना कोनी असंनच ना बापा." मला न्यायचं कारणही त्यांनी लपवलं नाही. पेनल्टी आली तर तिथे शेवगा कुठून आणणार? त्या पाठ करून बसणार आणि मी बघून सांगणार. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला तेव्हा समोरच्या गंगाबाईंनी त्याला सांगितलं, "हाव, सिस्टरबाई फुटबॉल खेयाले चालल्या." पुढे महिनाभर ताई रस्त्याने निघाल्या की कुणी ना कुणी म्हणायचं, "सिस्टर, गोल मारून येजा बरं!" त्याही थांबून म्हणायच्या, "गोलकीपर हाओ मी. मारत नाही, अडवते." विमानतळावर काय विचारतील याची आम्ही तालीम करायचो. मी अधिकारी. "कशाला आलात?" "मॅच पाह्याले." "परत कधी जाणार?" "इथं जेवन कसं भेटते त्याच्यावर हाये." मी चिडायचे, त्या हसायच्या.

एप्रिलमध्ये त्यांना चालताना धाप लागायला लागली. पायांवर सूज आली. आयुष्यभर दुसऱ्यांचं निदान समजावून सांगितलेली बाई, त्यांना न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. अकोल्याला तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा त्या बाकावरच बसून राहिल्या. दाराकडे पाठ करून. "तू जाय. ऐकून ये." मी आत गेले, ऐकलं, बाहेर आले.

"झालं का?"

"झालं."

"जाता येते?"

"नाही. हृदय फार थकलंय म्हणतात. विमान नाहीच."

त्या म्हणाल्या, "अन् घरी?"

"पावसाळा निघणं कठीण आहे म्हणाले."

त्यांनी मान हलवली, पदर नीट केला. "चाल, उसाचा रस पेऊ. लय ऊन हाये."

घरी आल्यावर वसंतरावांना कळलं. माझा नवरा, त्यांचा धाकटा भाऊ. ताईंनी लहानपणी कडेवर घेऊन वाढवलेला. ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात मला म्हणाले, "तुले सांगाची काय गरज होती? जाता येईन, बरं वाटलं की जाऊ, एवढं म्हनता येत नव्हतं?" मी म्हटलं, "त्यांनी विचारलं." ताईंनी नंतर बॅगेकडे पाहिलं नाही. महिन्याभरातच गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, पाहुणे जेवायला बसले, आणि वसंतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "बिमारीनं नाही गेली माही बहीन. जाची आशाच तोडली तिची." कोणी तोडली ते बोलले नाहीत. पंगतीत वाढता वाढता मी ऐकलं आणि पुढच्या पानाकडे गेले. त्यानंतर आम्ही दोघं दुकानापुरतं बोलत होतो... खत आलं, पावती फाड, किल्ली कुठे आहे. ताईंच्या खोलीतल्या टीव्हीवर वसंतरावांनी चादर टाकली. स्पर्धा सुरू झाली तरी ती काढली नाही. मी सरळ सांगितलं हे बरोबर की चूक, याचा विचार मी केला नाही असं नाही. रोज करत होते, फक्त हातातलं काम थांबवत नव्हते.

तर त्या दुपारी साड्या बाजूला काढल्या, औषधं फेकली. आसनं देण्याच्या गठ्ठ्यात ठेवली आणि परत काढून घेतली. संध्याकाळी निखिलचा फोन आला. तिकिटं त्याने मित्रांना देऊन टाकली होती. "आई, आपल्या तिकिटांची मॅच तुमच्याकडे उद्या पहाटे दिसेल," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी ताईंच्या खोलीत गेले, चादर काढली आणि टीव्ही लावला. आसन घालून खाली बसले. गर्दीत आमच्या खुर्च्या कुठल्या ते काही समजलं नाही. उजाडलं तरी मॅच बरोबरीतच होती. चहाचा पेला घेऊन वसंतराव दारात आले. बंद कर म्हणतील, असं वाटलं. पण ते तिथेच उभे राहिले. पेनल्टीसाठी खेळाडू रांगेत उभे राहिले तसा त्यांनी पेला खिडकीत ठेवला आणि मागच्या दाराने बाहेर गेले. रागावून गेले असतील म्हणून मी खिडकीतून पाहिलं. ते शेवग्याकडे तोंड करून उभे होते.

मी परत बसले आणि एकेक फटका नीट पाहिला. शेवटचा गोलकीपरने अडवला. मारणारा तिथेच गवतावर बसला.

बाहेरून आवाज आला, "झालं का?"

"झालं."

"काय झालं?"

"आपले हरले," मी सांगितलं, आणि त्यांचा निवलेला चहा पुन्हा गरम करायला ठेवला.