पद्माबाईंची अट

आमच्या कुरुंद्यात पद्माबाईंकडे ब्लाउज शिवायला टाकायचा तर आधी कालची मॅच ऐकून घ्यावी लागते. टेप माझ्या खांद्यावरून दंडावर येतो तेवढ्यात त्यांचा बॉल मधल्या पोरीकडून कडेच्या पोरीकडे गेलेला असतो. गोल हुकलेला असला की टेप जरा जास्तच आवळला जातो.

"ताई, समोर जाळं मोकळं पडलेलं," त्या सांगतात. "अन् पोरीनं बॉल मारला कुठं, तर भावसिंगच्या टेम्पोवर."

"लागलं का टेम्पोला?"

"टेम्पोला काय व्हतंय. गोल झाला असता ना."

त्यांचा नवरा शेषराव पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. इथं घर, मशीन आणि दोन लेकरं पद्माबाई एकट्याच बघतात. धाकटी साक्षी अकरावीला, गावच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये पुढे खेळते. मोठ्या भीमराजचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तोही खेळायचा. त्याच्यासारखा पळणारा गावानं पाहिला नव्हता म्हणतात. आता दुकानाची एक पायरी चढायलाही त्याला शटर धरावं लागतं.

सहा वर्षांपूर्वी वसमतला फायनल होती. मॅनेजर होते तातेराव, म्हणजे सगळ्यांचे तात्या. आमच्याकडे मॅनेजर म्हणजे टीम निवडणारा, पोरांना अंथरुणातून ओढून मैदानावर आणणारा आणि हाफटाइमला झापणारा माणूस. पहिल्या हाफमध्ये भीमराज पडला, गुडघा सुजला. तात्यांनी आंबेहळदीचा लेप लावला, वरून रुमाल करकचून बांधला आणि विचारलं, जमतंय का. पोरगा हो म्हणाला. दुसऱ्या हाफमध्ये त्यानं गोल केला, कप आला, गावात मिरवणूक निघाली. भीमराज लोकांच्या खांद्यावर होता, म्हणून त्याला चालताच येत नाही हे मिरवणूक संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढचा आठवडाभर परत हळदच. हळदीच्या गावात हळदीवर शंका कोण घेणार? नांदेडच्या डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा गुडघ्याच्या आतला दोर तुटलेला होता आणि तसंच पळाल्यामुळे आणखीही बरंच फाटलं होतं. ऑपरेशन झालं. लंगडणं राहिलं. तात्यांनी त्यानंतर मैदानात पाय ठेवला नाही.

त्या फायनलला पद्माबाई नव्हत्या. लग्नसराई होती, एका नवरीचे ब्लाउज द्यायचे होते. "मी असते तर लेकराला परत आत जाऊच दिलं नसतं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मशीनच्या आवाजासारखं त्याच्याकडे लक्ष जाईनासं झालं होतं.

यंदा मुलींची टीम वसमतच्या स्पर्धेत उतरायची होती आणि नेमकं तिला शिकवणाऱ्या मुलाला संभाजीनगरला नोकरी लागली. मॅनेजर नाही तर टीम नाही, असं स्पर्धेवाल्यांनी स्पष्ट सांगितलं. बैठक बसली आमच्या अंगणात, कारण समोर मैदान आहे आणि आमचे हे क्लबचे सेक्रेटरी आहेत. चहा अर्थातच माझ्याकडे.

"तात्याला आणा," उकंडराव म्हणाले. उकंडराव म्हणजे गावातले सगळ्यात जुने बघे. स्वतः कधी बॉलला पाय लावला नाही, पण एकही मॅच चुकवली नाही. "तात्या आला की कप आला."

"आला व्हता की कप," टेम्पोवाला भावसिंग म्हणाला. "त्याच कपात भीमराजचा पाय गेला."

"ते नशीब झालं."

"नशिबानं रुमाल बांधला व्हता का?"

"अरे, तुला खेळातलं काय कळतं? तू टेम्पो चालव."

"टेम्पो मीच चालवत व्हतो त्या दिवशी. गोल झाल्यावर सगळ्यात आधी कोण नाचलं ते मला बराबर याद आहे, काका."

उकंडरावांनी बशीत चहा ओतला आणि ते फुंकत बसले. कुणी म्हणालं, तात्याच्या तोंडाला लगाम नाही, पोरींना त्याची बोलणी झेपायची नाहीत. कुणी म्हणालं, तात्यासारखी टीम उभी करणारा जिल्ह्यात नाही. आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंना मान डोलावली. पण बोलणारा प्रत्येक जण मधूनच कोपऱ्यातल्या पद्माबाईंकडे बघत होता. त्या नको म्हणाल्या असत्या तर तात्यांचं नाव पुन्हा कुणी घेतलं नसतं. नाव घेतलं नसतं तर टीम उतरली नसती, आणि वर्षभर पहाटे उठून पळणारी साक्षी घरी बसली असती. ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आईकडे न बघता.

भिंतीला टेकलेला भीमराज म्हणाला, "माझ्या पायाचं मला तर बोलू द्या. तात्यानं मला विचारलं व्हतं. मी हो म्हणलो. त्याचा काय दोष?"

"बघा," उकंडराव म्हणाले.

"काय बघा?" पद्माबाई पहिल्यांदाच बोलल्या. "खेळणारं लेकरू हो म्हणतंच असतं. न्हाई म्हणायला मोठं माणूस लागतं."

झालं, संपला विषय, असं मला वाटलं. साक्षी आत वळली.

"म्हणून म्हणते, तात्यालाच आना," पद्माबाई म्हणाल्या.

माझ्या हातातली गाळणी कपावरून सरकली आणि चहा ओट्यावर सांडत राहिला. भीमराज भिंतीपासून सुटून सरळ उभा राहिला. उकंडराव, ज्यांना हेच हवं होतं, त्यांचंही तोंड उघडंच राहिलं.

"माझी अट हाय," त्या पुढे म्हणाल्या. "जी पोरगी पडंल अन् पाय धरंल, ती बाहेर. परत आत न्हाई. माझी असो का कोनाची असो, फायनल असली तरी. अन् मी बाकावर बसणार, तात्याच्या बाजूला."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तात्यांच्या शेतावर गेलो. हळद शिजवणं चालू होतं. वाफेत माणूस नीट दिसत नव्हता, आणि आम्ही कोण ते कळल्यावर तात्या वाफेच्या आणखी आत सरकले.

"पद्माबाई, मला नगा सांगू," ते तिथूनच म्हणाले. "मला भेव वाटतंय."

"मलाबी वाटून राहिलं, तात्या."

"मग दुसरा बघा ना कोनी. शहरातला आना, शिकलेला."

"त्याला कशाचं भेव? त्याला काय ठावं आमच्या घरात काय झालं ते?"

तात्यांनी झारा उचलला. हळद वरखाली करत राहिले. मग पद्माबाईंनी अट सांगितली. तात्यांनी ती दोनदा सांगायला लावली आणि म्हणाले, "शब्द दिला."

परत येताना मला राहवलं नाही. "पद्माबाई, दुसरं लेकरू त्याच माणसाच्या हातात देताय?"

"ताई, सहा वर्षं झाली, ह्यो माणूस माझ्या दारावरून जात न्हाई. शेताला लांबच्या रस्त्यानं जातो, ओढ्यातून. मी बघत असते. ज्याला एवढी लाज हाय त्याच्याकडं द्यावं का ज्याला काहीच न्हाई त्याच्याकडं?" जरा चालून त्या म्हणाल्या, "अन् आता मी असणार हाय ना तिथं."

मैदानाच्या अर्ध्या भागात लोकांची हळद वाळत पडली होती. उरलेल्या अर्ध्यात तात्यांनी पोरींना तयार केलं. शिव्या त्यांनी निम्म्यावर आणल्या. वसमतला पहिल्या दोन मॅच आम्ही जिंकलो आणि उकंडराव गावभर सांगत फिरले की बघा, मी म्हणलोच होतो.

सेमीफायनलला मीही गेले, भावसिंगच्या टेम्पोत, पोरींच्या पिशव्यांच्या मधोमध. ऊन कडक होतं. शून्य-शून्य चाललं होतं. पद्माबाई बाकावर, शेजारी तात्या, मी त्यांच्या मागेच उभी. मॅच संपत आली तेव्हा साक्षी बॉल घेऊन निघाली आणि समोरची पोरगी तिच्या पायावर येऊन आदळली. साक्षी पडली. तिनं दोन्ही हातांनी घोटा धरला.

मी पद्माबाईंच्या खांद्यावर हात ठेवायला गेले.

साक्षी उठली. एक पाय टेकवून पाहिला, दुसरा टेकवला, जागच्या जागी उडी मारून दाखवली आणि तात्यांना हातानं खूण केली, ठीक आहे. तोवर तात्यांनी बदली पोरगी उभी केली होती.

"राहू दे तिला," मागून उकंडराव ओरडले. "तात्या, तीच गोल मारणार हाय."

आणि माझ्या अगदी पुढ्यातून आवाज आला, "काही झालं न्हाई तिला. खेळू दे. साक्षे, जाय पुढं, थांबू नको."

पद्माबाई उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, मूठ हवेत. हा आवाज कुणाचा हे कळायला मला वेळ लागला. त्या मागं-पुढं कुणाकडे बघत नव्हत्या, फक्त जाळ्याकडे बघत होत्या. तात्यांनी मान वळवून एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग मैदानाकडे तोंड करून साक्षीला बाहेर यायची खूण केली.

साक्षी रडत बाहेर आली. पद्माबाई तशाच उभ्या. मूठ खाली आली, उघडली आणि तोंडावर गेली. मी खांदा धरून त्यांना बसवलं. थोड्याच वेळात समोरच्यांनी गोल केला.

परतीच्या टेम्पोत तात्या नव्हते, ते एसटीनं आले. त्यामुळे सगळ्यांना मोकळेपणानं बोलता आलं. तात्या मऊ पडलाय. तात्यानं मॅच घालवली. काढा त्याला. साक्षीचा पाय बर्फ लावल्यावर चांगला खाली टेकत होता, त्यामुळे तर बोलणाऱ्यांना आणखी जोर आला.

"आई, तू तर खेळू दे म्हणलीस," साक्षी म्हणाली. "एक तूच माझ्या बाजूनं बोललीस."

पद्माबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. शिरड शहापूरचा फाटा मागं पडला तेव्हा त्या मला हळूच म्हणाल्या, "ताई, सहा वर्षं मी म्हणत आले, मी असते तर जाऊ दिलं नसतं."

मी त्यांचा हात धरून बसले.

"मी असते तर मीच ढकललं असतं त्याला आत," त्या म्हणाल्या.

रविवारी पुन्हा आमच्या अंगणात बैठक. विषय तोच, आता उलटा: आणलेल्या तात्याला ठेवायचं की घालवायचं. भावसिंग, जो आधी तात्या नको म्हणत होता, तो आता राहू द्या म्हणत होता. उकंडराव काढा म्हणत होते. तात्या स्वतः आले आणि फाटकातच उभे राहिले. या म्हटलं तरी आत आले नाहीत.

"तात्या, एक सांग," उकंडराव म्हणाले. "पोरीच्या पायाला काही लागलं व्हतं का?"

"न्हाई."

"तुला दिसत व्हतं?"

"दिसत व्हतं. टाच सरळ टेकली तिनं. खेळली असती."

अंगणात कुजबुज उठली. आमचे हेसुद्धा डोलायचे थांबले.

"मग काहून काढलं?"

"पद्माबाईला शब्द दिला व्हता."

"अरे, तीच तर तिथं बोंबलून राहिली व्हती, खेळू दे म्हणून."

तात्या खाली बघत म्हणाले, "त्या बोलल्या. पर त्यांना शब्द दिला त्या दिवशी समोर बॉल नव्हता."

सगळ्यांच्या माना पद्माबाईंकडे वळल्या. त्या उठल्या. मला वाटलं आता रडतील किंवा तात्यांच्या पाया पडतील. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"तात्याला काढायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "बाकावर मी बसणार न्हाई. मी लांब बसंन, लोकांत. तिथून काय वरडायचं ते वरडंन. तात्या, तुमी ऐकू नगा."

"न्हाई ऐकत," तात्या म्हणाले.

भीमराज भिंतीपाशी होता. तो लंगडत फाटकापर्यंत गेला आणि तात्यांच्या शेजारी उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. उकंडरावांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सूनबाई, चहा झाला का?"