जांभूळसाहेब आणि उशिराचं झाड

जांभूळसाहेबांसमोर जांभूळ खाल्लं की बी, रुजवायला म्हणून, त्यांच्या तळहातावर ठेवावी लागे. तोंडातली, ओली, कुणाचीही. एखादा पाहुणा लाजला की ते गुरकावत, "गिळलीस काय रे? काढ बाहेर!" अंबरनाथच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण तोंड असं की घरात चहा विचारायची कुणाची हिंमत होत नसे. मला ते डोळ्यांसमोर नको असत.

आमच्या बदलापूरच्या घरी ते येत ते परसातल्या जांभळासाठी. गावातली जांभळं संपली की आमचं झाड पिकू लागे. डोंगराकडच्या वाडीतली हिरूबाई ती फळं उतरवून स्टेशनबाहेर द्रोणात विकायची. बाकीच्या बायकांच्या टोपल्या रिकाम्या झाल्यावर तिची चूल याच झाडावर चाले. साहेब दर वर्षी येऊन फांद्या न्याहाळत आणि जाताना वडिलांना सुनावत, "सगळे मोठ्या फळाच्या एकाच झाडाची कलमं लावत सुटलेत. एक रोग आला की सगळी एकदम झोपतील. मग खा बिल्डिंगच्या टाइल्स!"

पुढे वडिलांनी जागा बिल्डरला दिली. दिवाळी नुकतीच झाली होती. साहेब फाटकातूनच ओरडले, "फाल्गुनापर्यंत थांबा! आत्ता कलमाची काडी भरलेली नाही, कलम धरणार नाही."

"साहेब, झाड माझं आहे," वडील म्हणाले.

"झाड तुमचं असेल. वाण तुमच्या बापाचा नाही!"

वडील थांबले नाहीत. झाड पडलं त्या दिवशी साहेबांनी जवळच्या कॅम्प तीनमधल्या शिलाई कारखान्यांतून आणलेल्या जीन्सच्या चिंध्या ओल्या करून त्यांत काड्या गुंडाळल्या आणि एकट्यानेच वाहून नेल्या. घर बांधून होईपर्यंत आम्ही तिथल्याच कॅम्प चार वस्तीत भाड्याने राहत होतो, तर तिथेही भांडायला आले. माझ्या आईलाही सोडलं नाही. "सगळी कलमं वाळली. एकच जगलंय. कुठे लावलंय ते तुम्हाला मरेपर्यंत सांगणार नाही."

शब्दाला जागले. त्यानंतर बाजारात आम्ही दिसलो की तोंड फिरवत. सात-आठ वर्षांनी वारले तेव्हा आम्ही भेटायला गेलो, तर त्यांच्या घरच्यांनीही पाणी विचारलं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, जांभळं केव्हाच संपलेली असताना, हिरूबाई स्टेशनबाहेर भरली टोपली घेऊन बसलेली दिसली. मी एक उचलून तोंडात टाकलं. तीच चव, आमच्या परसातली. घाईघाईने पर्स उघडली, तोवर तिने टोपलीवर फडकं ओढलं.

"तुमच्या घराला इकायची नाय. सायबांनी सांगून ठेवलाय."

"अगं, साहेब गेले!"

"ते गेले. झाड हाय ना, माझ्या दारात."

भर रस्त्यात मला रडू आलं, आणि रागही आला तो त्या खडूस माणसाचाच. मेल्यावरही नाक मुठीत धरायला लावतो! मी वळले, तशी हिरूबाईने हाक मारली आणि तळहात पुढे केला.

"खाल्लंस ना? मंग बी दे."