आज मी भावजींना ओवाळलं नाही

बायांनो, धाकट्या दिरांनी घरीच बांधलेलं विमान आज सकाळी हळ्ळीखेडच्या माळावर पहिल्यांदा उडायचं होतं. त्याला हळदकुंकू लावताना पंख धरणारी लोखंडी पट्टी माझ्या हाताखाली हलली. रिव्हेट ढिले होते आणि फट नुसती सरसानं बुजवली होती.

“भावजी, हे टिकायचं न्हाई. रिव्हेट पुन्हा ठोका, तवर मी ओवाळत न्हाई.”

“वैनी, हे काय तुमचं पातेलं हाय व्हय?” म्हणत ते हसतच आत चढले.

विमान झाडाइतकं वर गेलं आणि पंख निखळला. भावजी गुलबर्ग्याच्या दवाखान्यात आहेत, अजून शुद्धीवर नाहीत.

घरात रिव्हेटचं कुणी नावही काढत नाही. सासूबाई म्हणतात, “हिनं ओवाळलं न्हाई, म्हणून पडला माझा लेक.”

महादेवाला स्मरून सांगा, तुम्ही ओवाळलं असतं?