डावा कान, वजा दोन

माजलगावात मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. रविवारी क्लास बंद असतो. त्या रिकाम्या खोलीत आम्ही चौघं दुपारी एक खेळ खेळायचो. पुण्यात नोकरीला असताना मी तो शिकलो होतो. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर नदी आहे, काय करता, असं मी विचारायचं, त्यांनी सांगायचं, जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं, आकडा मोठा पडला तर जमलं. गोष्ट सांगणारा तो सूत्रधार. एकच गोष्ट दोन-दोन वर्षं चालते, म्हणून सूत्रधाराला वही लागते.

तिघांपैकी एकाचं मेडिकल दुकान, एक टेलर. तिसरा जिनिंग मिलमध्ये फिटर, राहायला दिंद्रुडला. मुलीच्या ॲडमिशनचं विचारायला म्हणून एका रविवारी आला आणि दारातच उभा राहून आमचं बोलणं ऐकत राहिला. "हे काय चाललंय, सर?" म्हणाला. मी म्हटलं, बसा. तो बसला, आणि पुढची अडीच वर्षं त्याचा एक रविवार चुकला नाही. आमच्या गोष्टीत तो नावाडी होता.

मला माझ्या वह्यांचा फार अभिमान. आठवडाभर मी त्या भरायचो. राजांच्या वंशावळी, किल्ल्यांतली भुयारं, कुठल्या पुजाऱ्याचं कुणाशी वैर. धोक्याच्या जागा लाल शाईनं. पाच जाड रजिस्टरं झाली. रविवारी त्यातलं वाचत मी गोष्ट पुढे न्यायचो.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मिलमध्येच त्याच्या छातीत कळ आली. आंबेजोगाईला नेता नेता वाटेतच गेला. आम्ही तिघं दिंद्रुडला मातीला गेलो, मागे उभे राहिलो आणि परत आलो. तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं आम्ही त्याचे कोण ते.

दीड महिन्यानं त्याची बायको क्लासवर आली. एकटीच. पाणीही घेतलं नाही.

"सर, एक इचारायचं व्हतं. मालक दर रईवारी तुमच्याकडं यायचे. घरी तर चार शब्द बोलायचे न्हाईत. हितं काय बोलायचे?"

"आम्ही खेळायचो, वहिनी."

"ते म्हाईत हाय. पत्ते न्हाईत, पैसे लावणं न्हाई, येवढं सांगितलं व्हतं मला. पण बोलायचे काय?"

माझ्या तोंडातून पटकन निघालं, "सगळं वहीत आहे. काढून ठेवतो, आणि मीच येतो दिंद्रुडला."

त्या संध्याकाळी पाचही रजिस्टरं चाळली. जी भुयारं कुणी पाहिलीच नाहीत त्यांचे नकाशे होते. त्याच्याबद्दल होतं ते असं: नावाडी, जखम चार. नावाडी, दोरी हरवली. आणि पहिल्या वहीच्या समासात: नावाडी, डावा कान, वजा दोन.

ती ओळ वाचल्यावर मला तो रविवार आठवला. सुरुवातीचाच. तो म्हणाला होता, "सर, माझ्या नावाड्याला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई."

"कावून?" मेडिकलवाल्यानं विचारलं.

"मशिनीपाशी उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन."

आम्ही खो खो हसलो. तलवारी-घोड्यांच्या गोष्टीत मशीन कुठली? तोही हसला. "मग पाण्याच्या आवाजानं म्हणा." मी लगेच नियम केला, चाहूल घ्यायची वेळ आली की याच्या फाशातून दोन वजा. त्यापायी तो कितीदा फसला. आणि आता ध्यानात आलं, तो कायम भिंतीकडच्या खुर्चीत बसायचा, डावी बाजू भिंतीला लावून.

दुसऱ्या दिवशी मी मेडिकलवाल्याला आणि टेलरला बोलावलं. म्हटलं, तो काय बोलायचा ते आठवा. मेडिकलवाला म्हणाला, "तुमची मान वहीत, सर. तुमाला कसं ठावं असणार?" रागानं नाही म्हणाला.

दोघं सांगत गेले, मी लिहीत गेलो. गोष्टीतल्या एका म्हातारीला त्यानं पलीकडं सोडलं आणि तिचं गाठोडं राहिलं म्हणून मारामारी टाकून परत आला होता. प्रत्येक काठाला विचारायचा, "पलीकडं कोण ऱ्हातं?" आणि मी म्हणायचो, "कुणी नाही, पुढे चला." कारण माझ्या वहीत तिथं कुणी नव्हतं. सगळं मिळून दीड पान झालं.

ते पान आणि ती पहिली वही घेऊन दिंद्रुडला गेलो. ओसरीवर बसून वाचून दाखवलं. म्हातारीच्या गाठोड्याचं ऐकून ती जरा हसली. "असंच हाय त्यांचं," म्हणाली. मग मी कानाचं सांगितलं.

"कोन्त्या कानानं?"

"डाव्या."

तिनं स्वतःच्या कानावर हात ठेवला.

"जेवताना मी डाव्या अंगालाच बसायची, चुलीकडून. काई सांगितलं की उत्तर न्हाई. मला वाटायचं, मुद्दाम करतेत. शेवटाला मी बोलणंच सोडलं व्हतं, सर."

मग तिनं विचारलं, "मला कावून न्हाई सांगितलं? तुमाला तर सांगितलं."

"आम्हालाही नाही सांगितलं, वहिनी. नावाड्याचं म्हणून सांगितलं. आम्ही हसलो."

तीच म्हणाली, "मिलमधी कळलं असतं तर कामावरून काढलं असतं." मग वही मागितली. ओळीवरून बोट फिरवलं. "वजा म्हंजी?"

"कमी करायचे. त्याच्या फाशातून दोन."

"म्हंजी तुमीबी कमीच केलं."

तिच्या आवाजात ठपका नव्हता. ते दीड पान तिनं ठेवून घेतलं, वही परत दिली. गाडी सुरू करून मी फाट्यापर्यंत आलो आणि तिथं थांबून रडलो.

तीन-चार महिने खेळ बंद होता. नंतर टेलरनंच विषय काढला. आता आम्ही तिघं खेळतो. घरून मी एक कागद आणतो, तोही बराचसा कोरा. ते बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतो. मेडिकलवाला माझ्यासाठी मुद्दाम सावकाश बोलतो.

मागच्या रविवारी टेलरचा शिपाई शत्रूच्या छावणीत शिरला होता. मध्येच टेलर म्हणाला, "याची आई आजकाल याला वळखत न्हाई." मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "याची, की तुमची?"

तो फासे हातात घोळवत राहिला. मग म्हणाला, "माझीच." त्या दिवशी आम्ही पुढे खेळलो नाही.