काजूखालची आग

इथं कोकणात शेजारी काजूबिया भाजू लागल्या, की त्या डोळ्यांत झोंबणाऱ्या वासानं मी नागभीडकडच्या आमच्या शेतात जाऊन पोचते.

तेव्हा स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. बाबांनी बांधावर काजूच्या चार बिया लावल्या, एकच जगली. पाच उन्हाळे त्यांनी स्वतः बोडीतून, म्हणजे शेतातल्या तळ्यातून, घागरीनं पाणी घातलं, कुणाला हात लावू दिला नाही, तेव्हा कुठं झाडाला पहिला मोहोर आला.

चौथीतच शाळा सुटलेली मी, काहीतरी कामाचं करायला धडपडायची. आमच्याकडं मोहफुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळतात. तसाच मी काजूखालचाही जाळला. त्याच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या. सगळा मोहोर करपला.

बाबा आले तशी मी रडत म्हटलं, "मले मारा, बाबा."

"काऊन मारू वो माय? तुले वाटलं, हाबी मोहाच हाय." मग करपलेली फांदी चाचपत हसले, "झाडालेबी वाटलं असन, कोन्या अडाण्याच्या गावात आलो!"

आणि घागर माझ्या हाती दिली. रोज पाणी घालायचं. तेव्हा मला ती शिक्षाच वाटली.

आता लेकाच्या घरी मला कुणी गॅसजवळही जाऊ देत नाही. तेव्हा ती घागर आठवते.