झाकण उचलणारे फादर

घरात आल्यावर सगळे आधी भिंतीवरच्या क्रुसाला हात जोडतात. फादर इनास आधी चुलीकडे जायचे. चपला उंबऱ्याबाहेर, पिशवी कोपऱ्यात आणि हात सरळ भगुन्याच्या झाकणावर. ‘जय येशू’सुद्धा झाकण उचलून झाल्यावर. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलंही आहे.

वालूरजवळच्या आमच्या वस्तीत मी लग्न होऊन आले, त्याच आठवड्यात ते घरी आले. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, कोंबडा कापला होता. पुढच्या भगुन्यात फादरसाठी कोंबड्याचं कालवण, मागच्या लहान भगुन्यात आमच्यासाठी आंबाडीची भाजी. आमच्याकडे पाहुणचार असाच होतो. पाहुण्याला चांगलंचुंगलं वाढायचं, घरच्यांनी कशावरही भागवायचं. फादरनी दोन्ही झाकणं उचलली, कोंबड्याचं भगुनं घरातल्या पोरांपुढं नेऊन ठेवलं आणि स्वतः आंबाडी-भाकरी घेऊन बसले.

“फादर, असं कामून करायलात?” आत्याबाईंनी विचारलं.

“मार्था, देवाला फसवायचं तर फसव, त्याला सवय हाय. मला फसवायचं न्हाई.”

मूळचे वसईकडचे, पण आमची बोली त्यांनी अशी उचलली होती की आमच्याच भाषेत आम्हाला झोडपायचे. पोरं खूश झाली आणि आत्याबाई चुलीपाशी बसून रडल्या. त्यांचं दुःख फादरना कळलं नाही, याचा मला जास्त राग आला. गावानं पिढ्यान्‌पिढ्या आमच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. आपल्या चुलीवरचं सगळ्यात चांगलं पाहुण्यानं बोटं चाटून खावं, यात त्या बाईचा सगळा मान होता. तोच यांनी पोरांत वाटून टाकला. त्यानंतर दर खेपेला तेच. आत्याबाई म्हणायच्या, “एक डाव मपल्या हातचा कोंबडा ह्या माणसाच्या पोटात गेला पायजे. मग मी मरायला मोकळी.”

माझे मालक परभणीच्या दवाखान्यात होते तेव्हा फादर एसटीनं आले. आल्या आल्या डब्याचं झाकण उचललं.

“हे त्याचं झालं. तुझं?”

“मी खाऊन आले.”

“खोटं बोलायलीस. तोंड वाळलंय.”

खाली जाऊन गाड्यावरचे पोहे घेऊन आले आणि सगळ्या वॉर्डासमोर माझा शेवटचा घास गिळून होईपर्यंत हलले नाहीत. ते पोहे मला विषासारखे लागले. मालक घरी येईपर्यंत त्यांची एक दिवसाआडची खेप मात्र कधी चुकली नाही. हे सांगितलं नाही तर मला पाप लागेल.

मग त्यांची बदली झाली. वस्ती रागानं पेटली. वस्तीतल्या सायमननं आणि बाकीच्या तरण्या पोरांनी ठरवलं, हार नाही, शाल नाही, निरोप समारंभ नाही. निरोपच दिला नाही तर जातील कसे, असा त्यांचा हिशोब. आणि जो नवा येईल त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. नवे फादर, फादर इनासच्या शेवटच्या मिस्सेच्या म्हणजे उपासनेच्या दिवशी, फाट्यापासून भर उन्हात बॅग ओढत चालत आले. चर्चच्या पायरीवर बसले. भरलेला माठ तिथंच होता, पण एकाही माणसानं पेला उचलला नाही.

फादर इनासनी ते पाहिलं. त्या दिवशी प्रवचन झालंच नाही.

“ह्या पोराला कुणी पाणी दिलं न्हाई,” ते म्हणाले. “गाव तुमाला पाणी देत नव्हतं, तवा माझ्याम्होरं येऊन रडत व्हता. आता तुमाला बी तेच जमायलंय की!”

मागून सायमन ओरडला, “मग तुमी कामून चाललात? बिशपला न्हाई म्हणून सांगा!”

“मी काय तुमची शेळी हाय, दाव्याला बांधून ठिवायला?”

तेवढ्यात आत्याबाई उठल्या, बाहेरच्या माठातून तांब्या भरून आणला आणि सगळ्यांच्या देखत नव्या फादरपुढं धरला. त्यानं तो एका दमात संपवला. मग त्या वेदीकडे वळल्या. “आता जेवायला माझ्या घरी यायचं. दोघांनी बी.”

घरी चुलीवर एकच मोठं भगुनं होतं. फादरनी झाकण उचललं. कोंबडा. मग इकडेतिकडे दुसरं भगुनं शोधू लागले.

“धुंडा, धुंडा,” आत्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

पोरांच्या, माझ्या, मालकांच्या, सगळ्यांच्या ताटात तेच कालवण होतं. भांडायला जागाच उरली नव्हती.

“मार्था, तुझं ताट कुठंय?”

“मी सैपाक करता करताच खाल्लं.”

फादर हात धुवायच्या निमित्तानं उठले. चुलीमागं एक दुरडी पालथी घातलेली होती. मी दारातच उभी होते. त्यांनी ती उचलली. खाली अर्धी भाकरी आणि ठेचा, एक घास मोडलेला. आता हा माणूस जाता जाताही या म्हातारीचा पाणउतारा करणार, असं वाटून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यांनी दुरडी हळूच होती तशी ठेवली, येऊन पाटावर बसले आणि म्हणाले, “मार्था, अजून वाढ. तंगडी हाय का?” कपाळाला घाम फुटेपर्यंत खात राहिले. तेवढ्या एका घटकेपुरता मला त्यांचा राग आला नाही.

एसटीपर्यंत सगळी वस्ती गेली. हार नव्हताच, सायमन त्यांची पिशवी घेऊन पुढं चालला होता. आत्याबाई अजून भेटेल त्याला सांगतात, “सगळ्यांची झाकणं उचलली, पण मपली दुरडी काय त्याला दिसली न्हाई!” मी त्यांना खरं सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

नवे फादर सज्जन आहेत. चटई टाकू तिथं बसतात, वाढू ते खातात, कालवणाची तारीफ करतात. असं कोणीही करेल. परवा त्यांच्यापुढं मटणाचं ताट ठेवताना मागच्या लहान भगुन्यातलं तिखट भाकरीवर घेऊन पोरं बसली होती आणि माझं डोकंच फिरलं.

“फादर,” मी म्हटलं, “आधी उठा, आणि ते मागचं झाकण उचला.”